सार्वजनिक कामांच्या आराखड्याची तपासणी: कोणी करावी, केव्हा, आणि करावीच का?

पायवाट:

पूल, ग्रंथालय, बाग, पदपथ, बसथांबा. शहराच्या पैशातून काहीही बांधायचं झालं की तीन गोष्टी हमखास तपासल्या जातात. बांधकाम पडणार नाही ना, पैशाला मंजुरी आहे का, निविदा नियमात बसते का. हे वापरणाऱ्याला सोयीचं होईल का आणि आजूबाजूला शोभेल का, हे विचारण्याची जबाबदारी मात्र बहुतेक शहरांत कोणाच्याच गळ्यात नसते. ती कोणाच्या तरी गळ्यात असावी असं माझं ठाम मत आहे.

न्यूयॉर्कमध्ये ही व्यवस्था 1898 पासून आहे. पूर्वी तिचं नाव आर्ट कमिशन होतं, आता पब्लिक डिझाइन कमिशन. 11 सदस्य, सगळे बिनपगारी. त्यांत वास्तुविशारद, लँडस्केप आर्किटेक्ट, चित्रकार, शिल्पकार यांच्याबरोबर कलाक्षेत्राबाहेरचे तिघेही असतात. शहराच्या जागेवर कायमचं काही उभारायचं तर आराखडा त्यांच्यापुढे न्यावा लागतो, तोही टप्प्याटप्प्याने: संकल्पना, प्राथमिक, अंतिम. सिएटलचं डिझाइन कमिशन 1968 चं, दिल्लीचा नागरी कला आयोग 1973 च्या कायद्याने आला. म्हणजे कल्पना नवी नाही.

खरी मेख वेळेत आहे. संकल्पनेच्या टप्प्यावर जिना हलवायचा तर एक रेघ पुसावी लागते. कार्यादेश निघाल्यावर तोच जिना हलवायला गेलात की कंत्राटदार जादा कामाचे दर लावतो, मुदतवाढ मागतो, सुधारित अंदाजपत्रक पुन्हा मंजुरीला जातं, आणि शेवटी 'आता आहे तसं राहू दे' असं ठरतं.

पादचारी पुलाचंच घ्या. रस्त्यावरून 6 मीटर चढायचं आहे. व्हीलचेअरसाठी 1:12 चा उतार (12 मीटर लांबीत 1 मीटर चढ) धरला तर 72 मीटर लांबीचा रॅम्प लागतो, मधले सपाट टप्पे वेगळेच. एवढी जागा पदपथावर नसते. मग रॅम्प गळतो, आणि नकाशावर जिन्याशेजारी 'लिफ्ट – भविष्यातील तरतूद' असा एक रिकामा चौकोन उरतो. पूल हवाच कशाला, खाली सिग्नल देऊन रस्ता सपाटीवरच ओलांडू द्या की, असं सुरुवातीला कोणी विचारलं असतं तर अख्खं कामच बदललं असतं. स्थैर्य तपासणारा अभियंता हे विचारत नाही. त्याच्याकडे पूल आलेला असतो आणि तो उभा राहील का एवढंच त्याला सांगायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं: निविदेच्या आधी, संकल्पनेवरच बंधनकारक तपासणी. तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधातलीसुद्धा.

मोजपट्टी:

पुलाचं उदाहरण पटलं. निष्कर्ष अजिबात पटला नाही.

कामाची फाइल आधीच किती टेबलांवरून जाते याची कल्पना आहे का? वाहतूक, अग्निशमन, वृक्ष, पाणी, मलनिस्सारण, वीज. त्यात आणखी एक समिती बसवली की ती महिन्यातून एकदा भरणार. एकदा सूचना राहून गेली की पुढचा महिना. तेवढ्यात साहित्याचे भाव वाढतात आणि मंजूर निधी आर्थिक वर्षात खर्च झाला नाही म्हणून परत जातो.

सॅन फ्रान्सिस्कोचं प्रकरण आठवा. 2022 मध्ये नोए व्हॅली भागात एका माणसापुरत्या सार्वजनिक स्वच्छतागृहाचा अंदाज 17 लाख डॉलरवर गेला होता. त्या छोट्याशा खोलीलाही तिथल्या कला आयोगाच्या रचना-तपासणीतून जावं लागणार होतं. शेवटी एका कंपनीने तयार साच्यातलं स्वच्छतागृह दान दिलं, खर्च खाली आला आणि 2024 मध्ये ते उघडलं.

आणि तुम्ही गौरवलेल्या न्यूयॉर्कमध्ये काय झालं? हंटर्स पॉइंटचं ग्रंथालय 2019 मध्ये सुरू झालं. इमारत देखणी आहे, मोठ्या काचेतून नदी आणि पलीकडचं मॅनहॅटन दिसतं. पण कथा-कादंबऱ्यांचे कप्पे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या तीन सज्ज्यांवर ठेवले होते आणि लिफ्ट तिथे थांबत नव्हती. व्हीलचेअरवरच्या वाचकाने कर्मचाऱ्याला सांगून पुस्तक मागवायचं, अशी सोय. त्याच वर्षी खटला झाला, पुस्तकं दुसरीकडे हलवावी लागली. 1898 पासूनचा आयोग असताना हे निसटलं. मग एवढा वेळ घालवून मिळालं काय?

सायली_क:

मोजपट्टी, ग्रंथालयाचं उदाहरण चपखल आहे, पण त्यावरून तपासणीच नको असं निघत नाही. लंडनचा मिलेनियम पूल 10 जून 2000 ला उघडला. माणसांच्या चालण्याने तो आडवा डोलायला लागला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. डॅम्पर, म्हणजे डोलणं शोषून घेणारी उपकरणं, बसवून पुन्हा उघडायला फेब्रुवारी 2002 उजाडला. त्या पुलाची गणितं नामांकित अभियंत्यांनी केली होती. तरी ते निसटलं म्हणून पुलांची प्रूफ चेकिंग (दुसऱ्या तज्ज्ञाकडून गणितांची फेरतपासणी) बंद करा असं कोणी म्हटलं नाही. गर्दीच्या पावलांनी पूल आडवा किती हलेल, हे तेव्हापासून पादचारी पुलांच्या तपासणीत शिरलं. रचनेच्या तपासणीलाही हीच मुभा द्या: चुकलं की प्रश्नावलीत भर घाला.

स्वच्छतागृहाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. बसथांबा, स्वच्छतागृह, दिव्याचा खांब अशा गोष्टींचे नमुना आराखडे एकदाच नीट तपासून मंजूर करावेत, मग तोच नमुना शंभर ठिकाणी लावा. प्रत्येक वेळी समितीपुढे कशाला?

उंबरठा:

तुम्ही सगळे समितीने तपासावं की नाही यावर बोलताय. त्या टेबलाभोवती कोण बसलंय यावर कोणीच बोलत नाही, आणि मला तोच मुद्दा मोठा वाटतो.

व्हेनिसमध्ये ग्रँड कॅनॉलवर 2008 मध्ये नवा पूल उघडला. वास्तुविशारद सान्तियागो कालात्रावा, म्हणजे जगभर नाव. पायऱ्यांना काच. पाऊस झाला की लोक घसरून पडायचे. व्हीलचेअरसाठी मागाहून बाजूला सरकती केबिन लावली, तीही पुढे काढून टाकावी लागली. काचेच्या जागी दगड बसवायचं नगरपालिकेला ठरवावं लागलं. नामवंतांची अभिरुची कमी पडली असं कोणी म्हणेल का? कमी पडला तो पावसात हातात बॅग घेऊन तिथून जाणारा माणूस. तो चर्चेत नव्हता.

चित्रकार आणि शिल्पकार असायला हरकत नाही. पण ज्याला ती जागा रोज झाडायची आहे, ज्याला दिवा गेला की शिडी लावायची आहे, तो का नको? पावसाळी जाळीची भोकं सायकलच्या चाकाला समांतर असली की पुढचं चाक आत अडकतं. हे सायकलवाल्याला नकाशा पाहताक्षणी दिसतं. अंधांसाठीची उठावाची फरशी खांबापाशी जाऊन संपते, हे पांढरी काठी वापरणारा बरोबर सांगेल. तज्ज्ञांच्या समितीला यातलं काही सुचेल याची खात्री मला नाही. अशा लोकांशिवाय समिती होणार असेल तर माझा विरोध धरा.

गुंजन:

उंबरठा यांना +१. आणि देखभालीच्या खात्याची सही आराखड्यावर असावी. बांधणारं खातं वेगळं, निगा राखणारं वेगळं, त्यामुळे बांधणाऱ्याला कारंज्याचा पंप कुठून काढायचा याची फिकीर नसते.

पायवाट:

उंबरठा, मान्य, आणि नुसतं निमंत्रित म्हणून नको, मताधिकारासह. सायली_क यांचा नमुना आराखड्यांचा मुद्दाही घेतो, छोटी कामं त्यातून सुटतील.

मोजपट्टी, विलंबाची भीती खरी आहे. त्यावर मुदत घाला. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर मानीव मंजुरी. सूचना एकाच वेळी, लेखी, मुद्देवार. पहिल्या बैठकीत न काढलेला मुद्दा दुसऱ्या बैठकीत काढायची परवानगी नाही. संकल्पना ठरवायला सल्लागाराला तसेही काही महिने लागतात, तपासणी त्याच काळात बसवता येते.

मोजपट्टी:

मानीव मंजुरी असेल तर माझा अर्धा आक्षेप गेला. उरलेला अर्धा 'बंधनकारक' या शब्दाला. काम फसलं तर चौकशी अभियंत्याची होते, लेखापरीक्षणाचे आक्षेप त्याच्या नावावर येतात, समितीतल्या कोणाला कोणी विचारत नाही. ज्याच्यावर जबाबदारी नाही त्याला नकाराधिकार देऊ नये. सल्ला द्या, आम्ही ऐकू.

पायवाट:

सल्ला फाइलला टाचला जातो आणि तिथेच राहतो. सल्ला नाकारायचा असेल तर खातेप्रमुखाने कारण लिहून सही करावी आणि ते कागद निविदेसोबतच नागरिकांना बघायला ठेवावेत, एवढं तरी?

मोजपट्टी:

लेखी कारण द्यायला तयार आहे, सहीसकट. निविदेसोबत जाहीर करा, त्यालाही हरकत नाही. पण त्या कारणावर समितीने पुन्हा सुनावणी घ्यायची नाही, काम तिथून पुढे जाईल. नकाराधिकाराला माझा विरोध कायम.

उंबरठा:

मग त्या कागदावर एक रकाना वाढवा: व्हीलचेअर, पांढरी काठी किंवा बाबागाडी घेऊन येणाऱ्या कोणाकोणाला आराखडा दाखवला आणि त्यांनी काय सांगितलं. रकाना कोरा असेल तर निविदा काढता येणार नाही. नकाराधिकार द्यायचाच असेल तर मी एवढ्याच बाबतीत देईन.