अनुभव धागा: दोघांसाठी ग्रीसची बेटं, उन्हाळ्यातले सहा-सात दिवस

धागाकर्ती

जोडीनं ग्रीसला जायचंय, कोणती बेटं करू, असं विचारलं की उत्तरादाखल निळ्या घुमटांचे फोटो येतात. फोटो पुरे झाले. इथे जाणकारांनी फक्त कामाचं लिहावं: किती रात्री कुठे, कोणतं जहाज, काय फसतं आणि का फसतं. प्रवासवर्णन नको. एकमेकांचं खोडायला हरकत नाही.

नकाशेवाला

दिवस मोजू नका, रात्री मोजा. सात रात्री असतील तर अथेन्स १, नॅक्सोस ३, सँटोरिनी २ आणि परत अथेन्स १. याहून तिसरं बेट घुसवू नका. बेट बदलणं म्हणजे अर्धा दिवस गेला: खोली ११ला सोडायची, जहाज दुपारचं, पुढची खोली ३ नंतर मिळणार, मधे बॅगा सांभाळत बंदरावर बसायचं. 'मिकोनोस, सँटोरिनी आणि क्रीट सात दिवसांत' हे कागदावरच छान दिसतं. क्रीट तर एकटंच आठवडा मागतं.

क्रमही महत्त्वाचा. पिरेअसहून (अथेन्सचं बंदर) नॅक्सोस मोठ्या जहाजानं साधारण साडेपाच तास, नॅक्सोस ते सँटोरिनी दोनेक तास, आणि सँटोरिनीहून अथेन्सला विमान पाऊण तासाचं. सँटोरिनी शेवटी ठेवायचं ते एवढ्यासाठी की तिथून विमानं भरपूर आहेत. नॅक्सोसची धावपट्टी छोटी, विमानंही छोटी.

चारच रात्री असतील तर सायक्लेड्सचा (नॅक्सोस-सँटोरिनी ज्यात येतात तो बेटसमूह) नाद सोडा. पिरेअसहून एजिना साध्या बोटीनं सव्वा तास, वेगवान बोटीनं पाऊण तास. हायड्रा वेगवान बोटीनं दीड ते दोन तास, आणि तिथे गाड्यांना बंदी. सामान खेचरावर किंवा हातगाडीवर. ही बेटं अथेन्सच्या कुशीत असल्यानं वाऱ्याचा त्रासही कमी.

वारावळण

वरच्या आराखड्यात शेवटची रात्र अथेन्समध्ये का, हे कुणी विचारणार म्हणून आधीच लिहितो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. आकाश निरभ्र, ऊन कडक, आणि वारा सलग तीन-चार दिवस ६-७ बोफर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप). आपल्याकडे वारा म्हटला की ढग आणि पाऊस डोळ्यांपुढे येतो. तिथे निळ्या आभाळाखाली जहाजं रद्द होतात, म्हणून लोक गाफील राहतात.

आधी थांबतात ती वेगवान कॅटमरान (जोडतळाच्या बोटी). मोठी जहाजं बरंच सोसतात, पण साधारण ८ बोफर्टला बंदर अधिकारी त्यांनाही रोखतात. या मनाईला 'अपागोरेफ्तिको' म्हणतात, हा शब्द बंदरावर कानावर पडला की तिकीटघराकडे निघायचं. जहाज रद्द झालं तर पूर्ण पैसे परत किंवा पुढच्या फेरीचं तिकीट, दोन्हींपैकी एक मागता येतं. तुमचं मुंबईचं विमान मात्र थांबत नाही. म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशी जहाज ठेवू नका.

तारखा हातात असतील तर जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर. सप्टेंबरात पाणी जूनपेक्षा कोमट असतं, कारण समुद्र उन्हाळाभर तापत आलेला असतो. १५ ऑगस्टच्या आगेमागे तर जाऊच नका, गेलात तर तिकिटं फार आधी काढा: तो मरियमचा मोठा सण, अख्खं अथेन्स गावाकडे निघतं. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्या आठवा.

किनाराही वाऱ्यावर निवडायचा. उत्तरेला तोंड असलेल्या किनाऱ्यावर लाटा आणि अंगावर रेतीचा मारा, त्याच दिवशी दक्षिणेला पाणी सपाट.

शिक्कामोर्तब

शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीस-इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज चालतो आणि किमान १५ दिवस आधी तो व्हायलाच हवा. प्रत्यक्षात अडचण भेटीची वेळ मिळण्याची असते, एप्रिल-मेमध्ये ती मिळत नाही. शुल्क प्रौढाला ९० युरो, सेवाकेंद्राचे वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने वैध, १० वर्षांच्या आतला, दोन पानं कोरी.

कुठे चुकतं: रोममध्ये ४ रात्री आणि ग्रीसमध्ये ३ असं असेल तर अर्ज इटलीकडे जातो. जिथे जास्त रात्री तो देश. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तो. दोघांपैकी एकाचाच पगार दाखवत असाल तर लग्नाचा दाखला जोडा, विशेषतः आडनावं वेगळी असतील तेव्हा. जहाजांची तिकिटं व्हिसाआधी काढायची गरज नाही. रद्द करता येणारी हॉटेलं आणि दिवसवार आराखडा द्यावा.

लंडनच्या मराठी मंडळींसाठी: ब्रिटनचं निवासपत्र असलं तरी भारतीय पासपोर्टवर हा व्हिसा लागतोच. जर्मनी-नेदरलँड्सचं निवासपत्र असेल तर लागत नाही.

गलबत

बंदराचं सविस्तर लिहिते, कारण पहिली फजिती तिथेच होते.

अथेन्स विमानतळावरून पिरेअसला मेट्रोची तीन क्रमांकाची लाइन थेट जाते, तिकीट ९ युरो. एक्स ९६ ही बस रात्रीही असते. पिरेअस हे एक बंदर नसून ई १, ई २ अशा फाटकांची किलोमीटरच्या किलोमीटर लांब रांग आहे. सायक्लेड्सची जहाजं बहुधा ई ६, ई ७ला लागतात, ती मेट्रोच्या समोरच. क्रीटचं फाटक तिथून बरंच लांब. फाटक आदल्या संध्याकाळी पुन्हा तपासा. विमानतळावरून थेट बेटाकडेच निघायचं असेल तर राफिना बंदर जवळ पडतं, बसही आहे.

तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे. सर्वांत स्वस्त वर्गात ठरलेली जागा नसते. उन्हाळ्यात चार-पाच युरो जास्त देऊन क्रमांकाची खुर्ची घ्या, नाहीतर साडेपाच तास जिन्यात. चढताना मोठ्या बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावर ठेवायच्या. तिथल्या मांडण्यांवर बेटांची नावं असतात. नॅक्सोसची बॅग सँटोरिनीच्या मांडणीवर ठेवलीत तर शोधाशोध होते. पासपोर्ट, औषधं, पैसे अंगाशी.

उतरताना खरी घाई. मधल्या बेटांवर जहाज जेमतेम काही मिनिटं टेकतं. घोषणा झाली की लगेच खाली गाड्यांच्या मजल्यावर जाऊन उभं राहायचं. दार उघडण्याची वाट वर सोफ्यावर बसून पाहणारे पुढच्या बेटावर पोचतात.

बोट लागत असेल तर मोठं जहाज घ्या आणि त्यात खालच्या मजल्यावर, मधोमध बसा, तिथे हेलकावा सर्वांत कमी. गोळी निघण्याआधी तासभर, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. वेगवान कॅटमरानमध्ये बाहेर डेकवर बहुधा जाता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

पायरीवाला

सँटोरिनीत खोली घेताना एकच प्रश्न विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि सामान कोण उचलतं? कॅल्डेराच्या (ज्वालामुखीचं खचलेलं तोंड) कड्यावरच्या खोल्या खाली-खाली उतरत जातात. गुहेसारख्या खोल्या गार असतात, पण ओल धरतात, वास येतो, उजेड कमी. दोन रात्रींपैकी एक कड्यावर आणि एक पेरिसा किंवा कामारीच्या किनाऱ्याला, असं करू नका. सामानाची फरपट होते. बजेट बेताचं असेल तर दोन्ही रात्री कड्यावरच्या फिरोस्तेफानी गावात मागच्या गल्लीत. देखावा पाच मिनिटांवर, भाडं बरंच कमी.

जहाज अथिनिओस बंदरात लागतं. तिथून वर नागमोडी रस्ता, आणि चार जहाजं लागोपाठ आली की तो तुंबतो. बस फिरा या मुख्य गावापर्यंत जाते. टॅक्सी फारच थोड्या, म्हणून हॉटेलकडून गाडी आधी ठरवलेली बरी. फिराच्या खालचं जुनं बंदर वेगळं, तिथे क्रूझवाले उतरतात. वर यायला पाळणा (केबल कार) किंवा ५८८ पायऱ्या, दगड गुळगुळीत आणि वर गाढवांची लीद. क्रूझची जहाजं किती येणार याचं वेळापत्रक आधी बघता येतं; गर्दीच्या दिवशी ११ ते ५ फिरा आणि उत्तर टोकाचं इआ ही गावं टाळून आक्रोतिरीच्या प्राचीन अवशेषांकडे किंवा दक्षिणेच्या किनाऱ्यावर जा.

फिरा ते इआ पायवाट साधारण १० किलोमीटर, तीन-चार तास. सकाळी ७ला निघा. वाटेत सावली नाही, इमेरोविग्ली गावानंतर पाण्याचीही खात्री नाही, माणशी दीड लिटर घ्या. तळ सुटे दगड, चपला नकोत. इआच्या किल्ल्यावर सूर्यास्ताला जागा मिळवण्यात दीड तास जातो. इमेरोविग्लीच्या कठड्यावरूनही तोच सूर्य बुडतो.

२०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे भूकंपाच्या धक्क्यांची मालिका झाली होती आणि हजारो लोक बेट सोडून गेले होते. ज्वालामुखीच्या काठावर राहतोय हे ध्यानात ठेवा, कड्याखाली पथारी टाकू नका. तांबड्या किनाऱ्यावर दरड कोसळते, तिथल्या पाट्या शोभेच्या नाहीत. बोटसफरीत गरम झऱ्यापाशी पोहणार असाल तर पांढरा पोहण्याचा पोशाख नको, गंधक-लोहाचा तपकिरी डाग जात नाही.

दोनचाकी-चारचाकी

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो भारतातच आरटीओतून काढायचा, १ वर्ष चालतो. 'दाखवला नाही तरी गाडी देतात' हे काही दुकानांबाबत खरं, पण अपघात झाला की विमा हात वर करतो. चारचाकी क्वाडबाइकचं आकर्षण फार, माझं मत: नको. दोघं बसल्यावर वळणावर ती कलते, ताशी ४० वर मागून गाड्या चिकटतात, आणि विम्यात टायर, काच, खालचा भाग बहुधा नसतो. हेल्मेट सक्तीचं. त्यापेक्षा छोटी कार, घेताना चारही बाजूंचा आणि चाकांचा व्हिडिओ.

नॅक्सोसवर तीनपैकी एकच दिवस गाडी पुरते: हाल्की, अपीरान्थोस, आणि अपोलोनासचा अर्धवट घडवलेला साडेदहा मीटरचा संगमरवरी पुतळा. उरलेले दिवस आयोस प्रोकोपिओस, आया आन्ना, प्लाका या किनाऱ्यांसाठी बस पुरते. बसचं तिकीट आधी यंत्रावर किंवा दुकानात घ्यायचं.

बिनमटण

शाकाहारी उपाशी राहतात ही अफवा. पाटीवर 'लादेरा' शोधा, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या: ब्रियाम (बटाटा, वांगं, झुकिनी), फासोलाक्या (फरसबी), यीगान्तेस (मोठे पावटे टोमॅटोत). येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो-ढोबळी. यात कधी खिमा असतो, बिनखिम्याच्या येमिस्ताला 'ओर्फाना', म्हणजे पोरके म्हणतात. द्राक्षपानांच्या दोल्मादेसचंही तसंच, विचारून घ्या. 'होरीस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय; पण मासे वेगळे, ते 'होरीस प्सारी'.

सापळा 'निस्तीसिमो' या शब्दात आहे. म्हणजे उपवासाचं: मांस, अंडी, दूध नाही. पण कोळंबी, माकूल, कालवं त्यांच्या उपवासाला चालतात! १ ते १४ ऑगस्ट त्यांचा उपवास असतो आणि आपला श्रावण बहुधा त्याच सुमारास, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ तेव्हा जास्त मिळतात. कांदा-लसूण मात्र सगळ्यात. चीजमध्ये बऱ्याचदा प्राणिज विरजण असतं, कडक पाळणाऱ्यांनी फेटा-ग्राव्हिएरा सोडावं.

बिलाचं: पाव न मागता येतो आणि त्याचे पैसे लागतात. मासा किलोवर असतो, शिजवण्याआधी वजन करून दाखवायला सांगा. पाण्याची अर्धा लिटरची बाटली बंदरावरच्या टपरीवर स्वस्तात मिळते, सँटोरिनीत नळाचं पिऊ नका.

सुट्टे पैसे

उरलेसुरले. हॉटेलच्या भाड्याशिवाय एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीला दर रात्री हवामान-कर: दोन तारेपर्यंत २ युरो, तीनला ५, चारला १०, पाचला १५. तो बहुधा तिथेच भरावा लागतो. संडासात कागद टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात. नळ्या अरुंद आहेत, तुंबतात. आपली बारीक दोन पिनांची प्लग चालते, तीन पिनांची नाही. भारतापेक्षा घड्याळ अडीच तास मागे. खडकाळ किनाऱ्यावर रबरी बूट, समुद्री साळूचे काटे पायात मोडतात.

धागाकर्ती

@बिनमटण, नॅक्सोसला स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर फावा घरी करता येईल का? तिकडची ती पिवळी डाळ.

बिनमटण

हो, आणि ती आपल्याला परकी नाही. सँटोरिनीची फावा लाख डाळीच्याच कुळातली, विदर्भात लाखोळी म्हणतात तिची चुलतबहीण. दोघांना १०० ग्रॅम. धुवायची, ४०० मिली पाण्यात उकळी आणून वरचा फेस काढायचा, मग अर्धा कांदा घालून मंद आचेवर ४५-५० मिनिटं. मीठ शेवटी. पातळ वाटली तरी आच बंद करा. गार होताना ती घट्ट होते, पिठल्यासारखी. वरून कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल. मोहरीची फोडणी घातलीत तर चांगलीच लागते, फक्त शेजारच्या ग्रीक आजीबाईंना सांगू नका.