एव्हबरीतलं गाव उठवायचं? आधी हे वाचा

मुळामुठा: परवा इथे एकाने लिहिलं की इंग्लंडमधल्या एव्हबरीत, प्राचीन उभ्या दगडांच्या वर्तुळात, मधोमध गाव, पब आणि डांबरी रस्ता आहे, तो सगळा पसारा उठवून जागा स्टोनहेंजच्या दगडी वर्तुळासारखी मोकळी करावी. वाचून डोकंच फिरलं. अरे, तिथे जाऊन दगडाला हात लावता येतो, तिकीट नाही, मेंढ्या चरत असतात, ते त्या गावामुळेच जिवंत वाटतं ना! आणि घरं पाडायचा प्रयोग झालाय आधीच. मार्मालेडच्या धंद्यातून पैसा आलेल्या अलेक्झांडर कीलरने १९३० च्या दशकात गावातली जमीन घेतली, गाडलेले दगड उभे केले आणि त्या नादात लोकांची घरं पाडली.

दगडफूल: गावाचा एवढा कळवळा नको. दगड फोडले कोणी? याच गावाने. खड्ड्यात आग पेटवायची, दगड तापला की गार पाणी ओतायचं, मग घण घालायचे आणि तुकडे घराच्या भिंतीत. जुन्या अवशेषांचा अभ्यासक विल्यम स्टुकलीने १७२० च्या दशकात हे लिहून ठेवलंय. कीलर नसता तर कितीतरी दगड अजून मातीखालीच असते.

मुळामुठा: खासदार जॉन लबकचं काय मग? १८७१ मध्ये तिथे घरं होणार होती, त्याने जमीनच विकत घेतली, कोणाला बेघर न करता. पुढे १८८२ चा प्राचीन स्मारकांचा कायदाही त्यानेच रेटला.

स्विंडनकर: तुमचं चालू द्या, पण शेजारच्या सिल्बरी हिलबद्दल कोणीच बोलत नाही. चढायला बंदी आहे तरी लोक कुंपण ओलांडून वर जातात. आमच्याच ग्रुपमधले एक काका निघाले होते, अडवलं तर म्हणे एवढ्याशा टेकडीला काय होतंय, आणि परत घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

कडेकपारी: काकांचं बरोबर आहे. आपण रायगड चढतो, सिंहगड चढतो. लांबून बघून काय कळतं?

स्विंडनकर: रायगड कातळाचा आहे हो! ही टेकडी साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी खडूचा मऊ दगड आणि माती रचून केलेली. १७७६ ला माथ्यावरून खाली भुयार खणलं, १८४९ ला बाजूने बोगदा, १९६८ ला पुन्हा बोगदा. ना राजा सापडला ना सोनं. शेवटी २००० साली माथ्यावर भगदाड पडलं, २००७-०८ मध्ये आतून खडू भरून ते सावरलं.

कडेकपारी: म्हणजे भोकं पाडली खणणाऱ्यांनी आणि बंदी चालणाऱ्यांना! वा रे न्याय!

स्विंडनकर: एकदा आतून पोखरलं म्हणून आता वरूनही झिजवायचं? पावसाळी दिवसात पायवाटेचा घसरडा ओघळ होतो, बघितलाय मी.

कडेकपारी: बरं, नाही चढत. पण लहान मुलांना लांबून दाखवून मजा येत नाही, हे लिहून ठेवतो.

दगडफूल: विषय गावाचा होता. ठीक आहे, घरं राहू देत, लबकचा मुद्दा मान्य. पण रस्ता तरी बाजूने वळवा, दगडांना खेटून ट्रक जातात.

मुळामुठा: त्याच रस्त्याने जवळच्या स्विंडन शहराची बस येते. माझ्याकडे गाडी नाही. रस्ता वळवाल तेव्हा स्टॉप कुठे ठेवणार, ते आधी सांगा.