पावसाळ्यात प्रवासाला दाढीचा ब्रश कसा न्यावा?

प्रश्न: आठवडाभर कोकणात जायचंय, परतीचा प्रवास विमानाने. बॅजरच्या केसांचा ब्रश आणि सेफ्टी रेझर सोबत आहे. केस दुमडू नयेत, कुबट वास लागू नये म्हणून काय करावं?

उत्तर: डबा आखूड पडला की केस दुमडतात. ब्रशपेक्षा बोटभर लांब, रुंद तोंडाची गोळ्यांची रिकामी बाटली घ्या. झाकणाला आणि बुडाला चार-पाच भोकं पाडा. ब्रश मुठीकडून आत सरकवा, म्हणजे केस काठाला अडकत नाहीत.

उत्तर: भोकं असली तरी ओला ब्रश कोंडू नका. पाणी केसांच्या मुळाशी साचतं आणि बुरशी तिथेच धरते. साबण पूर्ण धुऊन काढा, झटका, टॉवेलवर पुसा, रात्रभर पंख्याखाली ठेवा. मुक्कामी पोचताच आधी ब्रश बाहेर. खरं सांगायचं तर या हवेत सिंथेटिकच न्यावा, फार लवकर वाळतो.

उत्तर: सुटी ब्लेडं केबिन बॅगेत चालत नाहीत, चेक-इनमध्ये टाका. रेझरमधलं ब्लेडही काढा. तुरटी ओली असताना रेझरजवळ ठेवू नका, मुलामा खराब होतो.

प्रश्नकर्ता: आणि साबण?

उत्तर: किसून लहान डबीत दाबून भरा. 10 ग्रॅम आठवड्याला पुरतो.