अहवालात 'असिताश्म', विहिरीत 'मांजऱ्या': खडकांची मराठी कुणाची?

सीनाकाठचा (मोहोळ)
गेल्या उन्हाळ्यात रानात विहीर पाडली. आधी एका सल्लागाराकडून पाहणी करून घेतली. त्याच्या अहवालात होतं, 'अपक्षय झालेल्या असिताश्माखाली सछिद्र असिताश्म, जलधर मर्यादित.' (असिताश्म म्हणजे बेसाल्ट, अपक्षय म्हणजे झीज, जलधर म्हणजे पाणी धरणारा थर.) आमचे वडील रोज पेपर वाचतात, पण त्यांना यातलं काही लागलं नाही. मी जमेल तसा अर्थ सांगितला, तेव्हा यारीवाले मिस्त्री म्हणाले, "म्हंजे वर मुरूम, खाली मांजऱ्या. सरळ सांगा की ओ."

आणि तसंच निघालं. दोन परसावर (परस म्हणजे पुरुषभर खोली) मुरूम संपला. मग करडा-तांबूस दगड लागला, त्याच्या भोकाभोकांत तांदळाएवढे पांढरे खडे. पहार आत रुतायची. चौथ्या परसाला काळा पाषाण लागला, पहार ठण्णकन उडाली आणि सुरुंग लावावा लागला. पाणी आलं ते मांजऱ्यातूनच.

ज्यांनी पिढ्यान् पिढ्या हा दगड फोडला त्यांचे शब्द असताना 'असिताश्म' कशाला घडवायचा? पुस्तकांत आणि अहवालांत मुरूम, मांजऱ्या, पाषाण, गेरू हेच यायला हवेत.

भूशास्त्र शिकवणारी (सोलापूर)
दादा, तळमळ पटते, मागणी पटत नाही. परिभाषेत एका शब्दाला एकच अर्थ लागतो. मुरूम हा खडकाचा प्रकारच नाही, खडक झिजून झालेली अवस्था आहे. बेसाल्टचा होतो तसा ग्रॅनाइटचाही होतो. मांजऱ्याचं तर विचारूच नका. वर्गात एकच तुकडा फिरवला, तर एक मुलगा मांजऱ्या म्हणाला, दुसरा कच्चा पाषाण. दोघंही शेतकऱ्यांची मुलं.

त्या भोकांचंही सांगते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं साचली. तुमचे पांढरे खडे बहुधा तेच. पोकळी रिकामी आहे की भरलेली, यावर पाणी धरणं अवलंबून असतं. भरलेल्या दगडातूनही पाणी मिळतं, पण ते भेगांमधून. 'मांजऱ्या' एवढं म्हटल्यानं हा फरक कळत नाही.

वणीचा पाळीवाला
मी मूळचा अक्कलकोटचा, आता वणीकडं उघड्या कोळसा खाणीत आहे. आमच्याकडं कोळशावरच्या दगडमातीला सगळे 'ओबी' (ओव्हरबर्डन) म्हणतात, इंजिनियरपासून डंपरवाल्यापर्यंत. 'अधिभार' कुणी म्हटलं तर दुसरा थांबून विचारेल, आणि स्फोटाच्या वेळी थांबून विचारायला सवड नसते. जो शब्द कामावर चालतो तोच खरा, मग तो इंग्रजी का असेना. बेसाल्टला बेसाल्टच म्हणा.

सीनाकाठचा
पाळीवाले भाऊ, बेसाल्ट चालेल, माझं भांडण असिताश्माशी आहे.

मॅडम, अर्थ पक्का नाही म्हणता, तर तो पक्का करा की. कोकणातला 'जांभा' पाठ्यपुस्तकात गेलाच ना? आपल्या या लाव्हाच्या खडकांना 'दक्खन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅपसुद्धा स्वीडिशमधला जिन्याच्या पायरीचा शब्द. त्यांची पायरी शास्त्रात चालते आणि आमचा मांजऱ्या चालत नाही, हे मला लागतं. त्या मिस्त्रींनी हातानं दगड ओळखला आणि कागदावर त्यांच्या शब्दाला जागाच नाही.

भूशास्त्र शिकवणारी (सोलापूर)
जांभ्याचं मान्य. तो टिकला, कारण चिऱ्यांमुळे सगळं कोकण त्याच दगडाला जांभा म्हणतं. मांजऱ्याबद्दल तसं म्हणता येईल का, हे गावोगावचे दगड शेजारी ठेवल्याशिवाय मी सांगणार नाही. अहवाल मात्र शेतकऱ्याला कळलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. तिथं कंसात मुरूम लिहायला कुणाची हरकत नसावी.

तुमच्या विहिरीचा मलबा अजून काठावर असेल. प्रत्येक थराचा मूठभर तुकडा, किती परसावरचा आणि मिस्त्री त्याला काय म्हणतात ते चिकटपट्टीवर लिहून आणा. मिस्त्रींनाही घेऊन या. भिंगाखाली त्यांच्यासमोरच बघू.

सीनाकाठचा
येतो रविवारी. गेरूचा पट्टाही लागला होता, तोही आणतो.