औष्णिक संच भंगारात काढण्याआधी
गुजरात-तमिळनाडूच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या की भुसावळजवळच्या दीपनगरसारखे औष्णिक संच सरळ बंद करता येतील, हे इथे मांडलेले मत मला अपुरे वाटते. त्या संचांची जड, फिरती चक्रे बिघाडाच्या पहिल्या काही सेकंदांत वीजजाळ्याची ५० हर्ट्झची वारंवारिता (प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने) सावरून धरतात. इन्व्हर्टरमधून येणारी पवनवीज ते आपोआप करत नाही. ९ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडमध्ये पारेषण वाहिनीवर वीज कोसळल्यानंतर हॉर्नसी या सागरी पवन प्रकल्पाची बहुतेक वीज आणि एका वायू-विद्युत केंद्राची वीज जवळजवळ एकदमच तुटली, वारंवारिता ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली आणि सुमारे १० लाख ग्राहकांचा पुरवठा खंडित झाला. साक्री तालुक्यातील पवनचक्क्या रोज पाहणाऱ्या आम्हां खानदेशकरांना पवनऊर्जा हवीच आहे. मात्र जुन्या संचांची जनित्रे सिंक्रोनस कंडेन्सर (इंधन न जाळता, वीजजाळ्याला जोडून नुसते फिरत राहणारे यंत्र) म्हणून फिरती ठेवता येतील का, हे आधी तपासले पाहिजे.