डेबकॉन्फसाठी बेळगावचं नाव द्यावं काय?

टिळकवाडीकर: आमच्या लिनक्स ग्रुपात सध्या एकच विषय चाललाय, डेबियन ही लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांची दरवर्षी जगभरातल्या लोकांची कॉन्फरन्स असते, डेबकॉन्फ, तिच्यासाठी बेळगावची बिड टाकायची काय, म्हणजे यजमानपद मागायचं काय. २०२३ ला कोचीत झाली की, मग आपल्याकडं काय कमी आहे? व्हीटीयू ही टेक्निकल युनिव्हर्सिटी इथंच, खर्च पुण्यापेक्षा कमी. पोरं म्हणायल्यात सरळ गोवा टाका, बाहेरचे लोक गोवा म्हटलं की येतात. खरं १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथंच झालं, पाण्यासाठी विहीर खणली ती अजून आहे. कुणाला अनुभव आहे काय?

शहापूरची मुलगी: दादा आधी महिना सांगा. ही कॉन्फरन्स बहुतेक जुलै ते सप्टेंबरात असते आणि जुलैत आपल्याकडं आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. पुढं गणपती, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, पाहुण्यांची बस कुठनं काढणार? डिसेंबरचं तर नावच नको, सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की लॉजवाला ओळखीच्यालाही खोली देत नाही.

खानापूरचा पक्या: विहिरीचं राहू दे, तेव्हा व्हिसा लागत नव्हता 😀 आपल्या सांबरा विमानतळाला परदेशातनं विमान येत नाही, म्हणजे माणूस गोव्यात मोपा नाहीतर दाबोळीला उतरणार आणि पुढं चोर्ला घाट. रात्री दोनला उतरलेल्याला आणायला गाडी घेऊन कोण जाणार, मीच ना? गाव लहान म्हणून अडत नाही, २०१३ ची डेबकॉन्फ स्वित्झर्लंडात वोमार्कुसला झाली, तळ्याकाठचं खेडं ते. खरं तिथली रेल्वे आणि आपला घाट ह्यात फरक आहे की नाही.

टिळकवाडीकर: वंदे भारत आहे की आता, पुण्याकडनं पण आणि बेंगळूरहून पण. जानेवारी-फेब्रुवारी धरूया मग.

निपाणीकर: जानेवारीत हवा चांगली, खरं कॉलेज चालू, हॉस्टेलं भरलेली. आधी आठवडाभर डेबकॅम्प, म्हणजे एकत्र बसून काम, आणि मग आठवडाभर मेन कॉन्फरन्स, म्हणजे दोन आठवडे खोल्या लागणार, आणि हॉटेलात ठेवायचं तर स्पॉन्सर तेवढे तगडे पाहिजेत, कोचीला हॉटेलातच केलेली. व्हिसाचं तर कुणी बोलेना. कॉन्फरन्स व्हिसाला आयोजकांनी गृह मंत्रालय आणि परराष्ट्र मंत्रालयाची मंजुरी आधी आणावी लागते, ते कागद नसले की पाहुण्याचा अर्ज अडतो. पाच-सहा पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला कोण मंजुरी देणार, मागं रजिस्टर्ड संस्था पाहिजे. माझं ऐकाल तर आधी मिनी डेबकॉन्फ करा, म्हणजे ह्याचीच छोटी कॉन्फरन्स. कोचीच्या आधी पालक्काड आणि विलुप्पुरमला तसंच झालेलं, माणसं तिथंच तयार होतात.

टिळकवाडीकर: पटलं काका. मग फेब्रुवारीतला शनिवार-रविवार, शंभरेक लोकांचा हॉल. कुणाच्या ओळखीत आहे काय? वायफाय पाहिजे, नुसता लग्नाचा नको.

शहापूरची मुलगी: हॉल मी बघते. बॅनरचं तेवढं आत्ताच ठरवा, कन्नड वर आणि मोठं, खाली मराठी-इंग्लिश. नाहीतर डेबियन राहील बाजूला आणि आपण सगळे पोलीस स्टेशनात बसू.