मदत हवी आहे: बाळाच्या टाळूवरची खपली सुटते, पण चार दिवसांत परत धरते

बाळ 10 आठवड्यांचं आहे. टाळूवर आणि डाव्या भुवईत पिवळट, तेलकट खपल्या आहेत (क्रेडल कॅप). खाजवत नाही, ताप नाही, पाणी-पू काही येत नाही. कानामागे, मानेच्या वळ्यांत, लंगोटाच्या जागी त्वचा स्वच्छ आहे.

सध्या दिवसाआड असं करतोय: अंघोळीआधी 15 मिनिटं मिनरल ऑइलचे पाच-सहा थेंब, मग मऊ ब्रश हलक्या हाताने गोल फिरवून बेबी शाम्पू, तेल पूर्ण निघेपर्यंत. आधी तेल रात्रभर ठेवायचो, ती चूकच. सकाळी खपल्या केसांना चिकटून जाड थर झालेला असायचा. ऑलिव्ह तेल मुद्दाम टाळलंय, त्यातल्या ओलेइक आम्लाने त्वचेचं आवरण कमकुवत होतं. नखाने ओढत नाही. एकदा कोरडी खपली ओढल्यावर केसांचा झुपकाच आला आणि खाली लाल, ओलसर ठिपका दिसला.

सॅलिसिलिक ॲसिडचा शाम्पू नको (एवढ्या लहान त्वचेतून ते शोषलं जातं), आणि स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावणार नाही. आपोआप जातं हे माहीत आहे, ते सांगू नका प्लीज.

सगळ्यात जाड थर नेमका टाळूच्या मऊ भागावर आहे, आणि ब्रश तिथेच बिचकत फिरतो. तिथे कितपत दाब चालतो? शाम्पू रोज केला तर खपली कमी धरते, की त्वचा कोरडी पडून उलट वाढते?